दर दोन तासांनी मूठभर

अभिमन मुकादमाचा हात फार लवकर उठायचा, हे सावद्याच्या मालधक्क्यावर सगळ्यांना माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर त्याचं लोकांना कौतुकच होतं. दुसऱ्याला बडवणारा माणूस कामाचा असतो, असा एक समज आपल्याकडे कुणी पसरवून ठेवलाय कोण जाणे. शिंदखेडा तालुक्यातल्या आपल्या गावाहून आणलेली वीस माणसांची टोळी त्याने दहा-बारा वर्षं हाताखाली ठेवली होती. बागेतून ट्रॅक्टर यायचे. ट्रॅक्टरमधून केळीचे घड डोक्यावर आणि डोक्यावरून वॅगनमध्ये. तळाला आणि कडेला केळीचा पाला, वर घड, पुन्हा पाला. वॅगन भरली की दार लावायचं आणि माल दिल्लीकडे रवाना. या कामात अभिमनचा एकच कायदा होता. वॅगनचं दार लागेपर्यंत कुणी तोंडात घास घालायचा नाही.

कायद्याला कारण होतं. अठ्ठ्याहत्तर साली टोळी मध्येच भाकरी खायला बसली, इंजिन वेळेआधी लागलं आणि एक अख्खा ट्रॅक्टर माल धक्क्यावर राहून उन्हात काळा पडला. तेव्हापासून हा कायदा, आणि मुकादमही त्यातून सुटला नव्हता. दार लागल्यावर आधी टोळी जेवणार, मग तो. म्हणून लोक मानायचे. झुलालने एकदा अर्ध्या वॅगनीत खिशातून भाकरीचा तुकडा काढून तोंडात टाकला. अभिमनने असा गुद्दा हाणला, की घासाबरोबर झुलालचे दोन दात पाल्यावर पडले. झुलाल रक्त थुंकला, हाताच्या पालथीने तोंड पुसलं आणि पुढचा घड डोक्यावर घेतला. पुढे त्याच झुलालला अभिमनने आपला उजवा हात केलं. असा सगळा कारभार होता.

घरी तोच हात धुरपदाबाईवर चालायचा. भाकरी गार झाली म्हणून, कालवणात तिखट कमी पडलं म्हणून, आणि काहीच सापडलं नाही तर तोंड वर करून पाहिलं म्हणून. सावद्याच्या कडेला या टोळीच्या झोपड्यांची एक रांग होती. तिथे धुरपदाबाईचं ओरडणं सुरू झालं की शेजारीण आपल्या रेडिओचा आवाज वाढवायची. धुरपदाबाईला एक मुलगी होती, ती लग्न होऊन साक्रीकडे गेलेली. माहेरी भाऊ नव्हता. तिने मार खाल्ला आणि भाकरी थापली, दोन्ही रोज.

सत्त्याऐंशीच्या दिवाळीआधी रावेरला वॅगन भरता भरता अभिमन पोट धरून खाली बसला आणि काळं रक्त ओकला. दिवसभर नुसता चहा आणि बिडी, आणि दार लागल्यावर ठेच्याबरोबर एका बैठकीला सहा भाकरी, असं वर्षानुवर्षं चालल्यावर दुसरं काय होणार? अल्सर फुटला होता. जळगावच्या मोठ्या दवाखान्यात त्याचं पोट उघडलं आणि तीनातले दोन हिस्से कापून टाकले. स्वतःच्याच कायद्याने त्याचं पोट खाल्लं, असं म्हणायला हरकत नाही.

घरी सोडताना डॉक्टरांनी धुरपदाबाईला समोर बसवलं आणि मूठ आवळून दाखवली.

"बाई, यांचं पोट आता एवढंच राहिलंय. दर दोन तासांनी मूठभर द्यायचं. पोटभर कधीच नाही, उपास तर नाहीच नाही. जेवताना पाणी नाही. आणि गोड विषासारखं समजा. रिकाम्या पोटी गोड गेलं, तर तासा-दीड तासात रक्तातली साखर एकदम उतरते. घाम फुटतो, हात कापतात, डोकं फिरतं, माणूस काय करतोय त्याचं त्यालाच कळत नाही."

"आनि तसं व्हयनं ते?"

"चिमूटभर साखर तोंडात घालायची, आणि लगेच मागून भाकरी."

"साहेब, गोडमुळेच उतरस, आनि गोडवरीच चढाडानी?"

डॉक्टर हसले. "तसंच आहे ते."

धुरपदाबाई शाळेत गेलेली नव्हती, पण हे तिने एकदाच ऐकलं आणि डोक्यात पक्कं बसवलं. अभिमनने दुसरंच पक्कं केलं. एसटीत बसल्याबरोबर तो तिच्या कानाशी म्हणाला, "आपेंडिक काढं, असं सांग बठ्ठासले. खरं कोनाले सांगं ते जीव लिसू तुना." अर्ध्या पोटाच्या माणसाच्या हाताखाली टोळी राहत नाही, असं त्याचं म्हणणं. त्यात खोटंही काही नव्हतं. ज्याने घासासाठी दुसऱ्याचे दात पाडले, त्याने आता दर दोन तासांनी स्वतः खायचं! मुकादमी एका दिवसात गेली असती.

तेव्हापासून त्याची मुकादमी आणि त्याचा जीव, दोन्ही धुरपदाबाईच्या मुठीत आले. ती पहाटे दादर ज्वारीची भाकरी करायची आणि ताकात मऊ कुस्करून त्याला मूठभर द्यायची. दोन तासांनी मुगाची पातळ खिचडी, मग उकडलेलं अंडं, मग पुन्हा भाकरी. घरी असला की सोपं होतं. पण रेल्वेला काय घड्याळ ठाऊक? सकाळी लागायच्या वॅगनी संध्याकाळी लागत. कधी सावद्याला लागायच्या त्या ऐनवेळी निंभोऱ्याला किंवा रावेरला लागत, आणि केळी पाठवणाऱ्या शेठचा माणूस सायकलवरून ओरडत आला की टोळी हातातलं टाकून ट्रकमध्ये चढे. परत कधी येणार ते देवालाच माहीत.

मग धुरपदाबाईने त्याच्या बंडीला आतून चार खिसे शिवले. एकात फुटाणे, एकात सोललेले शेंगदाणे, उरलेल्या दोन्हींत भाकरीचे वाळवलेले तुकडे. चार खिसे म्हणजे आठ तास. अभिमन लघवीच्या निमित्ताने वॅगनच्या मागे जायचा, तोंडात मूठ रिकामी करायचा, चावून गिळून पुन्हा आवाज चढवत यायचा. आजूबाजूला शेकडो घड, पण सगळे कच्चे. त्यातलं एकही केळं त्याच्या कामाचं नव्हतं.

वॅगनी कधी लागतील याचा अंदाज बांधायला ती शिकली. बागांकडे पाल्याचे ट्रॅक्टर भल्या सकाळी गेले, तर दुपारच्या आत काम. इंदरचंद शेठची जीप स्टेशनच्या रस्त्याला लागली, तर तासाभरात. जीप रावेरकडे वळली तर ती खिसे गच्च भरायची आणि खालच्या शिवणीत आणखी एक पुरचुंडी कोंबायची. एवढा हिशेब स्टेशनमास्तरलाही जमला नसता.

एकदाच तिचं चुकलं. वॅगनी लवकर लागल्या आणि बंडी धुवायला टाकलेली. ती डबा घेऊन दीड कोस चालत धक्क्यावर गेली. टोळीसमोर तिने डबा पुढे केला, तसा अभिमनने तो लाथेने उडवला. मग तिला केसांना धरून ट्रॅक्टरच्या चाकापर्यंत फरफटत नेलं आणि दोन लाथा घातल्या. "उघडी वॅगनसमोर मुकादमले भाकर देस, रांड!" टोळी खाली मान घालून घड उचलत राहिली. जीवराम आबा तेवढा मध्ये पडला. साठी ओलांडलेला हा म्हातारा. त्यानेच अभिमनला पोरवयात या कामात आणलं होतं. अख्ख्या टोळीत अभिमन एका त्याच्यावरच कधी हात टाकत नसे. आबाने अभिमनचा दंड धरला आणि म्हणाला, "बस कर." अभिमनने बस केलं. त्या दुपारी तो धक्क्यावरच चक्कर येऊन पडला आणि ऊन लागलं असं सगळ्यांनी ठरवलं.

साखर उतरली की काय होतं ते धुरपदाबाईने एकदाच घरात पाहिलं होतं. शेजारच्या सत्यनारायणाचा शिरा त्याने नको नको म्हणत, मग आवडला म्हणून दोन वाट्या खाल्ला. तासाभराने त्याला दरदरून घाम सुटला, ओठ पांढरे पडले, आणि त्याने पाटा उचलून चुलीवर घातला. मडकी फोडली. तिच्यावर धावला तेव्हा त्याच्या डोळ्यांत ओळख नव्हती. तिने हाताला लागेल ती साखर त्याच्या तोंडात कोंबली, वरून भाकरी. थोड्या वेळाने तो फुटक्या खापरांकडे बघत बसला आणि विचारू लागला, "मांजर शिरनं व्हतं का?" तेव्हापासून तिच्या पदराच्या गाठीत साखर असायची.

नव्वदची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. टोळीला गावी जायचं होतं. सासरी गेलेल्या पोरी माहेरी आलेल्या, झाडांना झोके बांधलेले, आणि ऐन सणाला शेठचा निरोप आला की वॅगनी लागतायत. माणसं धुसफुसतच ट्रकमध्ये चढली. अभिमनचे चारही खिसे भरलेले होते. धुरपदाबाई निश्चिंत मनाने घागर पुजायला बसली.

दुपारी झुलालची बायको वच्छलाबाई आली. ती टोळीला प्यायचं पाणी भरायला धक्क्यावर जायची, आणि रिकाम्या ट्रॅक्टरवर बसून परत यायची. ती हसत हसत सांगू लागली, की वॅगनी तीन तास उशिरा लागल्या, लोक चिडले, तेव्हा वॅगनी लागायच्या आतच इंदरचंद शेठने टोपलीभर जिलबी आणली आणि सणाची म्हणून पहिली मुकादमाच्या तोंडात स्वतःच्या हाताने घातली.

"मंग बठ्ठासनी भरावी. एक झुलालनी, एक आबानी... चार-पाच ते खादीच व्हई. नही म्हने, पन सणना दिन कोन आयकस?"

आपल्याकडे प्रेम म्हणजे दुसऱ्याच्या तोंडात कोंबणं. माणूस नको म्हणाला की आणखी जोर करायचा. वीस माणसांनी त्या दिवशी मोठ्या मायेने आपल्या मुकादमाला विष चारलं, आणि तो खरं सांगायच्या भीतीने ते गिळत गेला. तीन तास वॅगनचा आडोसा नव्हता, म्हणून खिशातलं काही पोटात गेलंच नव्हतं.

"कवय?" धुरपदाबाईने विचारलं.

"घंटाभर व्हई गया व्हई."

धुरपदाबाई तशीच उठली. घागर कलंडली, पाणी घरभर झालं. तिने फडक्यात भाकरी बांधली आणि रस्त्याला धावली. भरलेला ट्रॅक्टर स्टेशनकडे निघाला होता. ती आडवी उभी राहिली, चालकाने शिव्या घातल्या, आणि ती त्याच्या शिव्यांसकट घडांवर चढून बसली. सगळ्या रस्ताभर ती एकच गोष्ट मनात म्हणत होती, की अजून झालं नसेल. झालं असेल तर कुणाच्या तरी जिवावर बेतलं असेल, आणि ते माझंच चुकलं असेल. बिचारीला अजूनही स्वतःचंच चुकलंसं वाटत होतं!

ट्रॅक्टर धक्क्यावर आला तेव्हा झालेलं होतं.

जीवराम आबा वॅगनच्या दारात पडला होता. डोक्याच्या उजव्या बाजूची कातडी उकलून कानावर लोंबत होती आणि खालचा पाला लाल झाला होता. आबाने एक घड उलटा ठेवला होता, एवढंच. अडकलेलं दार उघडायची पहार अभिमनच्या हातात होती, ती त्याने दोन्ही हातांनी फिरवली. दुसरा घाव बसण्याआधी झुलालने त्याला मागून मिठी मारली. अभिमनने कोपराने त्याचं नाक फोडलं. मग टोळी तुटून पडली. बारा वर्षांचे गुद्दे, शिव्या, उपाशी दुपारी, सगळं त्या माणसांच्या पायांत उतरलं. त्याला खाली पाडून माणसं लाथा घालत होती. कुणी छातीत, कुणी तोंडावर. झुलालच्या हातात पानं कापायचा विळा आलेला होता, आणि त्याच्या नाकातून रक्ताची धार हनुवटीवर उतरत होती.

धुरपदाबाई ट्रॅक्टरवरून उडी मारून त्या पायांमध्ये घुसली. दोन लाथा तिलाच बसल्या. ती अभिमनच्या पोटावर आडवी पडली आणि ओरडली,

"मारा, पाठवर मारा! पोटवर मारू नका! त्यानं पोट अर्धं कापेल शे!"

कुणाला काही कळेना. तिने त्याची बंडी दोन्ही हातांनी फाडली. छातीपासून बेंबीपर्यंत गेलेला जाड, गुलाबी वण सगळ्यांनी पाहिला. फाटलेल्या खिशातून भाकरीचे दोन तुकडे बाहेर पडले.

"हाऊ लपीन खाय," कुणीतरी म्हणालं. "आनि आम्हना दात पाडे!"

"पाडे," धुरपदाबाई म्हणाली. "पन आते हाऊ तो नही शे. ह्याले काहीच कळत नही. माले फक्त घडीभर द्या. मंग काय करनं ते करा."

झुलाल विळा घेऊन उभाच होता. पण तो थांबला.

अभिमनचं सगळं अंग घामाने निथळत होतं, दातखीळ बसत होती, आणि तरीही तो हातपाय झाडत होता. त्याने तिच्या गळ्याला हात घातला आणि आवळला. तिने गाठ दाताने सोडली, साखर त्याच्या ओठांत घातली. त्याने थुंकली. तिने पुन्हा घातली. त्याने तिच्या बोटाचा चावा घेतला, रक्त आलं. तेव्हा धुरपदाबाईने हात मागे नेला आणि सगळ्या टोळीसमोर नवऱ्याच्या थोबाडात ठेवून दिली. मग दुसरी. मग तिसरी, इतकी सणसणीत की ट्रॅक्टरचा चालकही दचकला. ती त्याच्या छातीवर बसली, नाक दाबलं, तोंड उघडल्याबरोबर साखर आत लोटली आणि जबडा धरून ठेवला.

"खाय! मी सांगस ना तुले, खाय!"

बावीस वर्षांच्या संसारात तिने त्याला पहिल्यांदाच तू म्हटलं होतं. साखर विरघळली. मग भाकरीचा घास, मग दुसरा. वॅगनचं दार सताड उघडं होतं, आणि मुकादम सगळ्यांदेखत खात होता.

थोड्या वेळाने त्याचे हात सैल पडले. घाम सुकायला लागला. डोळ्यांत ओळख आली. त्याने मान वळवली, झुलालचं नाक पाहिलं, मग आबाला पाहिलं.

"आबाले कोनी मारं?" तो म्हणाला आणि उठायला लागला. "कोनी मारं आबाले? सांगा! हात तोडसू त्याना!"

झुलाल विळा खाली टाकून म्हणाला, "तूच मारं."

आबाला शेठच्या जीपमधून जळगावला नेलं. वॅगन अर्धी रिकामीच गेली. टाके पडले, आबा वाचला, पण उजव्या कानाने कायमचा बहिरा झाला आणि चालताना त्याचा तोल जाऊ लागला. महिनाभराने तो गावी गेला, तो पुन्हा आला नाही. मुकादमी झुलालकडे गेली. अभिमनला कुणी हाकललं नाही, कुणी ठेवूनही घेतलं नाही. नवरा-बायको गावी परतली. धुरपदाबाई लोकांच्या शेतात कापूस वेचायला जाऊ लागली, आणि अभिमन ओसरीवर बसून दर दोन तासांनी मूठभर खाऊ लागला. आता त्याला वेळेवर खायला काहीच अडचण नव्हती.

पहिले काही दिवस तो आबाच्या घरावरून जाताना मान वर करत नसे. मग एके दिवशी गेला, आबाच्या पायांवर डोकं ठेवून ढसाढसा रडला. आबा मोठ्या मनाचा. त्याने पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "तुना दोष नही रे पोऱ्या. पोटना दोष."

हे वाक्य अभिमनला इतकं गोड लागलं, की तो ते गावभर सांगत सुटला. रक्तातली साखर कशी उतरते, माणूस कसा आपल्यात राहत नाही, डॉक्टर काय म्हणाले. चावडीवर, पिठाच्या गिरणीत, भेटेल त्याला. लोक च्-च् करत. त्याच्या चेहऱ्यावर पुन्हा तजेला आला, रात्री झोप लागू लागली.

एका संध्याकाळी धुरपदाबाई शेतातून येऊन त्याच्यासाठी ताकात भाकरी कुस्करत होती. तो बराच वेळ तिच्याकडे बघत होता. मग हसल्यासारखं करून म्हणाला,

"धुरपदा, पहिले मी तुले मारू ना... ते बी या पोटमुळेच व्हई."

धुरपदाबाईचा हात थांबला. तिला क्षणभर वाटलं, हो म्हणून टाकावं. आता कशाला जुनं उकरायचं? हो म्हटलं तर तो सुखाने जेवेल, सुखाने झोपेल. एवढं त्याला सहज देता आलं असतं. पण तिने मान वर केली आणि त्याच्याकडे सरळ पाहिलं.

"नही," ती म्हणाली. "तवय तुमनं पोट पुरं व्हतं."

आणि तिने वाटी त्याच्यापुढे सरकवली.